कडी

सोयाबीनचं पहिलं पोतं चढवायच्या आधी
काटा शून्यावर आहे का, बघायचं.
सेलूच्या मोंढ्यात एकतीस वर्षं मी एवढंच करायलोय.
बाकीचं हमालांच्या पाठी करतात.

शेठ एकदा म्हणले, मापाडी,
पोत्यामागं पावशेर कुणाला कळतंय?
मला कळतं, म्हणलो.
धाडस नव्हतं ते. दाढ ठणकत होती,
जास्त बोलणं नको होतं.

परवा कँटीनच्या टीव्हीवर विमानं उडाली.
पोरानं आवाज वाढवला,
दूध उतू गेलं, कुणी उठलं नाही.
प्रल्हाद म्हणला, काका, टाळ्या वाजवा की,
का तुम्ही दुसऱ्या बाजूचे?
मी कपाचा कान धरून बसलो.
सगळ्यात मोठ्यानं खाजाभाई वाजवत होता,
दाराकडं बघत.

मोर्चाला जातो मी. तोलाई वाढवून मागायला
परभणीला कलेक्टर कचेरीपुढं तीन दिवस उन्हात बसलो.
मत देतो, पस्तावतो, परत देतो.
पण 'मुर्दाबाद' आलं की माझा घसा बसतो;
ओठ हलवतो नुसते, शाळेत प्रार्थनेला हलवायचो तसे.
अहिंसा हा शब्द मला ढगळ होतो,
थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखा.
ढेकूण मारतो. पोराला एकदा पट्ट्यानं मारलं.
मांडीवरचा वळ त्यानं दाखवला नाही,
मी आंघोळीच्या वेळी बघितला.
आणि उद्या कुणी माझ्याच दारात आलं तर?
हे प्रल्हाद दिवसा विचारतो, मी रात्री.
विळा दारामागं आहे.
तू जोंधळा कापायचा आहेस,
असं मी त्याला सांगतो. विळ्याला.

माझा चुलता मुंजाजी.
दर सतरा सप्टेंबरला झेंड्यापाशी त्याला शाल, नारळ,
आम्हा पोरांना लिमलेटच्या गोळ्या.
रझाकारांचं सांगायचा: सरहद्दीवरचा कँप,
तीन रात्री जोंधळ्यात, कच्ची कणसं, ढाळ.
पोलीस ॲक्शनपाशी येऊन गोष्ट थांबायची.
मग?
मग काय, आपलं राज्य आलं.

शेवटच्या आजारात एका पहाटे पाणी मागितलं
आणि म्हणला,
अत्ताराच्या घराला बाहेरून कडी मी लावली.
काडी दुसऱ्यानं लावली.
मी फक्त कडी.
मग माझ्याकडं बघून:
तू मापाडी हायेस. किती भरतं रे?

मी चमच्यानं पाणी घातलं त्याच्या तोंडात.
ट्रंकेत शाली निघाल्या अठ्ठावीस, घडी न मोडलेल्या.
थंडीत तो घोंगडं घ्यायचा.
त्या घरात चार जण होते का सहा,
मी विचारलंच नाही. आता विचारायला कुणी नाही.

या सोमवारी मिरवणूक. बाजार बंद.
प्रल्हाद आला, गळ्यात नवा गमछा,
गोड बोलला. चांगला पोरगा आहे तो,
माझ्या बायकोला रक्त लागलं तेव्हा त्यानंच दिलं होतं.
काका, पाच ते सात मागच्या गेटाला
फक्त कुलूप घाला. बाकी तुम्हाला काही नाही.
मागच्या गेटातून खाजाभाईच्या गल्लीची वाट आहे.
गल्लीला पुढचा रस्ता सोडला
तर दुसरी वाट नाही.

फक्त, म्हणला तो.

पाचला मी गेटात स्टूल टाकून बसलो,
दोन्ही दारं उघडी, कुलूप मांडीवर.
पाय कापत होते.
ढोल पुढच्या रस्त्यानं आले, गेले.
काही झालं नाही. होणारच नव्हतं की काय, माहीत नाही.
एक शेळी तेवढी आत शिरली,
सांडलेलं सोयाबीन खाऊ लागली. शेठचं.
हाकलावं का नको,
बराच वेळ ठरेना.